जावईबापू रामचंद्र

"डोंगर कुठाय?" नेपाळच्या हद्दीत शिरल्यावर माझ्या तोंडून पहिलं निघालं ते हे. बॅगेत दोन स्वेटर, एक कानटोपी, आणि खिडकीबाहेर नजर जाईल तिथवर सपाट रान! भाताची कापणी उरकलेली, पेंढ्यांच्या गंजी लागलेल्या, मध्येच बांबूचं बेट, आणि थोडं पुढं गेलं की पाणी. डबकं नव्हे, चारी बाजूंनी काठ बांधून घेतलेला चांगला प्रशस्त तलाव. कडेला म्हशी डुंबतायत, मध्ये कमळाची पानं पसरलीत, काठावर कुणीतरी हौसेनं बांधलेलं छोटंसं देऊळ. एक संपला की दुसरा, दुसरा संपेस्तोवर तिसरा. समोरच्या बाकावरच्या आजोबांना माझा प्रश्न ऐकून हसू फुटलं. "पहाड़ त बहुत दूर छै, एतय पोखरि देखू," ते मैथिलीत म्हणाले. डोंगर लांब राहिले, इथं तळी बघा!

मी निघालो होतो ते जनकपूर, सीतेचं माहेर, समुद्रसपाटीपासून जेमतेम पाऊणशे मीटर उंचीवर आहे. आपलं पुणं ५६० मीटरवर. म्हणजे एव्हरेस्टच्या देशातली ही मधेश प्रांताची राजधानी आपल्या पुण्याच्या जवळजवळ पाचशे मीटर खाली! हे कळल्यावर मी कानटोपी बॅगेच्या तळाशी सारली ती सारलीच.

मी राहतो त्या सुरतेजवळच्या कामरेजला रेल्वे नाही. आहे तो मुंबई-अहमदाबाद हायवे, त्यावर रात्रंदिवस धडधडणारे ट्रक, दोन्ही अंगांना ऊस आणि उशाला तापी. पण सुरतेच्या उधना स्टेशनातून थेट बिहारच्या जयनगरपर्यंत गाडी जाते आणि त्या गाडीत अर्धी सुरत गावी निघालेली असते. मागावर काम करणारी पोरं, साडीवर खडे चिकटवणाऱ्या बायका, कुणाच्या हातात नवा कुकर, कुणाच्या डोक्यावर साड्यांचा गठ्ठा. खानदेशातून पोटासाठी सुरतेला आलेल्या घरातला मी. उधना, लिंबायतच्या वस्तीत आमचे अहिराणी बोलणारे आणि हे मैथिली बोलणारे एकाच नळावर पाणी भरतात. छठला ही मंडळी तापीत उभी राहतात, कानबाईच्या विसर्जनाला आम्ही त्याच तापीत उतरतो. इतकी वर्षं शेजार करूनही त्यांचा मुलूख कसा असेल, हे मनात आलं नव्हतं.

गाडी दरभंग्यात शिरली आणि पाण्याची पहिली झलक दिसली. स्टेशनाच्या दारातच हराही नावाचा अवाढव्य तलाव, पलीकडं दिघी, त्याच्या पलीकडं गंगासागर. शहराच्या ऐन गर्दीत तीन तलाव एका ओळीत! पुढं मधुबनी. इथं मात्र मी दारात लोंबकळून बघत राहिलो. फलाटाच्या भिंती चित्रांनी भरून गेल्यात. २०१७ मध्ये इथल्या चित्रकारांनी स्टेशनच रंगवून काढलं. लाल, पिवळा, हिरवा, निळा. मासे, कासवं, मोर, वरातीची पालखी, आणि रिकामी जागा म्हणून बोटभर नाही. आपल्या डहाणू-तलासरीची वारली चित्रं आठवली. तिथं गेरूवर तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ, बाकी सगळा मोकळेपणा. इथं डोळ्याला श्वास घ्यायला फट नाही. पण मूळ दोन्हींचं एकच, लग्नघर. आपल्याकडं सवाष्णी लग्नाचा चौक लिहितात, त्यात पालघट देवी बसते. इथं बायका नवरा-नवरीच्या खोलीत 'कोहबर' लिहितात, त्यात बांबू आणि कमळ. दोन हजार किलोमीटरचं अंतर, दोन अनोळखी समाज, आणि लग्न ठरलं की दोन्हीकडं बाई आधी भिंतीकडं वळते!

जयनगरला गाडी बदलली. नेपाळची रेल्वे! मला वाटलं होतं, असेल काहीतरी खेळण्यातलं. पूर्वी तशीच होती म्हणे. १९३७ साली राणांच्या राजवटीत मुख्यतः जंगलातलं लाकूड उतरवायला ही अडीच फुटी रूळांची लाइन टाकली. आमच्या खानदेशातल्या जुन्या पाचोरा-जामनेर गाडीचीच ही बहीण, रूळांचं माप तेच. डब्यात जितके तितकेच टपावर. २०१४ मध्ये ती थकून थांबली. मग भारताच्या मदतीनं रुंद रूळ पडले आणि एप्रिल २०२२ मध्ये जनकपूरमार्गे कुर्थ्यापर्यंतच्या ३५ किलोमीटरवर पुन्हा शिट्टी वाजली. आता गंमत ऐका. मी ज्या डब्यात बसलो होतो, तो नेपाळला पुरवला कुणी? कोकण रेल्वेनं! डबे चेन्नईच्या कारखान्यातले, पण सौदा बेलापूरच्या कोकण रेल्वेचा. २०२० मध्ये अशा दोन गाड्या तिनं नेपाळला दिल्या. करबुड्याच्या बोगद्यातून आणि पानवलच्या पुलावरून गाड्या नेणारी आपली कोकण रेल्वे इथं, जिथं चढ म्हणून विटेएवढासुद्धा नाही!

सीमा कधी ओलांडली ते कळलंच नाही. नदी नाही, कुंपण नाही, शेतात उभे सीमेचे खांब तेवढे मागं गेले. मोबाइलमधलं घड्याळ आपसूक पंधरा मिनिटं पुढं सरकलं. इनरवा गेलं, खजुरी गेलं, आणि मग एका फलाटावर पाटी दिसली, 'वैदेही'. स्टेशनचं नाव वैदेही! आपल्याकडं दर वर्गात एक वैदेही असते. तिच्या नावाच्या स्टेशनात कुणी डोक्यावर कोंबड्यांची पाटी घेऊन उतरतोय, कुणी पोराला खिडकीतून आत सारतोय, भाजीवाली पानाची पिंक टाकून भांडतेय. विदेहाची ही भूमी. जनकाची लेक इथं पुराणात नाही, टाइमटेबलात आहे.

आणि जनकपूर.

पहिला धक्का अक्षरांचा. दुकानाच्या पाट्या, सरकारी फलक, गाड्यांच्या नंबरप्लेटा, सगळीकडं देवनागरी. परदेशात आलोय आणि सगळं वाचता येतंय! एका दुकानातल्या कॅलेंडरवर साल होतं २०८१. आपल्या लेखी २०२४ चा डिसेंबर. पण मला त्याचं नवल वाटेना, कारण कामरेजच्या गुजराती शेजाऱ्यानं महिन्यापूर्वीच दिवाळीच्या चोपडापूजनाला हेच २०८१ लिहिलं होतं. मराठी पंचांगात मात्र शके १९४६. एकाच माणसाच्या खिशात तीन सालं! पैशांचंही तसंच. आपला एक रुपया म्हणजे त्यांचे एक रुपया साठ पैसे, आणि हा दर १९९३ पासून जागचा हललेला नाही. साड्यांच्या दुकानात शिरलो तर ढिगावर ढीग सुरतेच्या साड्यांचे. दुकानदाराला सांगितलं, मी तिकडचाच. त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी माहेरचा माल परत मागायला आलोय.

'बावन्न कुटी, बहात्तर कुंड' असं जनकपूरचं वर्णन इथं तोंडातोंडी आहे. बावन्न साधूंचे मठ आणि बहात्तर तळी. मी मोजत बसलो नाही. पण गल्लीतून वळलो की पाणी, बाजार संपला की पाणी, शाळेच्या मागं पाणी. आमचं कामरेज एके काळी गायकवाडांच्या नवसारी प्रांतात होतं, त्यामुळं तळ्याकाठचं शहर म्हटलं की मला बडोद्याचं सूरसागर दिसतं. शहराच्या मधोमध एक डौलदार तळं आणि भोवती कठडा. ठाण्याची तलावपाळी किंवा कोल्हापूरचा रंकाळा घ्या, आपल्याकडं तळं म्हणजे संध्याकाळी फिरायला जायची जागा. भेळ खायची, वारा खायचा, घरी यायचं. इथं तळं म्हणजे घरातलीच एक खोली आहे. पहाटे इथल्या गंगासागरच्या पायऱ्यांवर बसलो तर धुकं पाण्याला टेकलेलं, पलीकडचा काठ दिसत नाही, नुसते आवाज येतायत. कुणी डुबकी मारतंय, कुणी तांब्या घासतंय, कुणी मोठ्यानं 'सीताराम' म्हणतंय. हळूहळू धुकं विरतं आणि एकेक रंग उमटतो. आधी भगवं धोतर, मग पिवळी साडी, मग झेंडूच्या माळा विकणाऱ्या पोराचा लाल स्वेटर. छठ होऊन महिना झालेला, तरी पायऱ्यांवर रांगोळीचे रंग अजून चिकटलेले. शेजारचं तळं धनुषसागर. त्याच्या काठावर राममंदिर, आपल्या डोळ्यांना सवय नसलेलं, पॅगोड्याच्या उतरत्या छपरांचं. रामाच्या देवळाला कळस हवा, अशी नाशिकच्या काळारामानं माझी समजूत करून ठेवलेली. इथं राम छपराखाली बसलाय.

खरं देऊळ मात्र त्याचं नाही. गाव सीतेचं, देऊळही तिचंच. जानकी मंदिर म्हणजे पांढराशुभ्र राजवाडा! कमानी, जाळ्या, घुमट, सज्जे, रंगीत नक्षी, तीन मजले, साठ खोल्या. १९१० च्या सुमारास टिकमगडच्या राणी वृषभानू कुंवरनं हे बांधून पूर्ण केलं. खर्च नऊ लाख, म्हणून लोक याला नौलखा मंदिर म्हणतात. आपल्याला बुंदेलखंड म्हटलं की छत्रसाल आणि बाजीराव आठवतात. तिथल्याच एका राणीनं एवढ्या दूर, परक्या देशात येऊन सीतेसाठी वाडा बांधला. दिवसा तो साखरेच्या पाकात बुडवून काढल्यासारखा दिसतो. रात्री दिवे लागले की गुलाबी, जांभळा, हिरवा होतो. मला दिवसाचाच आवडला. रात्रीचा जरा मंगल कार्यालयासारखा वाटतो. पण त्या आठवड्यात त्यालाही इलाज नव्हता, कारण तिथं खरोखरच लग्न होतं!

मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, विवाहपंचमी. राम-सीतेचं लग्न इथं दरवर्षी लागतं आणि ते आठवडाभर चालतं. नगरदर्शन, मग फुलवारी, जिथं दोघांची पहिली नजरानजर. मग धनुष्यभंग, तिलकोत्सव, मटकोर, लग्न, आणि दुसऱ्या दिवशी जावयाचं जेवण, रामकलेवा. त्या वर्षी तर अयोध्येहून वऱ्हाड रस्त्यानं येऊन दाखल झालेलं. आमच्या खानदेशात श्रावणात कानबाईचं लग्न लागतं, तेव्हा गल्लीच्या गल्ली वऱ्हाडी होते, रोट भाजले जातात, रात्रभर गाणी चालतात. ते मला ठाऊक होतं. पण अख्खं शहर मुलीकडचं झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं. रिक्षावाला मुलीकडचा, पोलीस मुलीकडचा, चहावाला मुलीकडचा, आणि अयोध्येच्या पाहुण्यांना 'वाढू का आणखी' म्हणून आग्रह करणारे सगळेच मुलीकडचे!

मटकोरच्या रात्री बायका तळ्याकाठची माती आणायला निघतात. पुढं सनई-ढोल, मागं बायकांचा लोंढा, डोक्यावर कुंकवाची लांबलचक रेघ, नाकाच्या शेंड्यापासून भांगात गेलेली, आणि गाणी. मी शेजारच्या कॉलेजातल्या मुलीला विचारलं, काय गातायत? ती तोंडावर ओढणी धरून हसायला लागली. "गारी आहेत. शिव्या." कुणाला? "रामाला!" शिव्या म्हणजे काय, तर दशरथ गोरा, कौसल्या गोरी, मग तू एवढा सावळा कसा रे? तुमच्याकडं बायका म्हणे खीर खाऊन पोरं जन्माला घालतात, हे काय प्रकरण आहे? आणि हे सगळं देवाला, देवळासमोर, पुजाऱ्याच्या देखत! पुजारीही हसतायत. आपल्याकडंही विहिणीला चिमटे काढणारी लग्नगीतं होती, आता बँडनं ती गिळून टाकली. पण मर्यादापुरुषोत्तमाची अशी फिरकी? आपल्या रामापुढं आपण हात जोडून उभे असतो, फार तर रामरक्षा म्हणतो. इथं तो जावई आहे आणि जावयाची चेष्टा झालीच पाहिजे, नाहीतर लग्न लागलं असं कुणी मानत नाही.

पंचमीच्या दिवशी बारहबिघाच्या मैदानात पाय ठेवायला जागा नाही. राममंदिराकडून त्याची डोली येते, जानकी मंदिराकडून तिची. माणसं झाडांवर, भिंतींवर, पाण्याच्या टाकीवर. गुलाल उडतोय, शंख, नगारे, मोबाइल धरलेले हजारो हात. दोन डोल्या समोरासमोर येतात, माळा बदलतात, आणि तो कल्लोळ असा काही उठतो की मला आषाढीला पंढरपुरात, चंद्रभागेच्या वाळवंटात उभं असल्यासारखं वाटलं. फरक एवढाच की तिथं माऊलीच्या ओढीनं डोळे भरून येतात आणि इथं लेक निघाली म्हणून. माझ्या शेजारची धट्टीकट्टी पोलीसबाई हमसून रडत होती.

जेवायला बसलो तर पानात मासा! सीतेच्या गावात, लग्नाच्या आठवड्यात, मोहरीच्या रश्शात रोहू. मी दचकलो. देवळातला प्रसाद अर्थात शाकाहारी, पण घराघरांत मासा हा शुभ. कोहबरच्या भिंतीवर मासा, लग्नाच्या आहेरात मासा, ब्राह्मणाच्या ताटातही मासा. आपल्याकडच्या सारस्वतांना हे सांगायला नको, पण देशावरच्या माणसाला पचायला वेळ लागतो. सोबत मखाण्याची खीर. मखाणा इथल्याच तळ्यांतला. त्याचं पान परातीहून मोठं आणि काट्यांनी भरलेलं, आणि बिया पडतात तळाच्या गाळात. मल्लाह लोक डुबकी मारून त्या गोळा करतात, वाळवतात, भाजतात आणि गरम असतानाच थापीनं हाणतात, तेव्हा कुठं तो पांढरा गोळा फुटून बाहेर येतो. सुरतेत उपासाला पाकिटं फोडताना हे डोक्यात येत नाही.

आता ती गोष्ट, जिच्यामुळं मी हे लिहायला बसलो. धनुषसागरच्या घाटावर एक बाई बसल्या होत्या. सत्तरीच्या, तोंडात पान, पायाशी फुलांची टोपली. कुठून आलात? मी म्हटलं, राहतो सुरतेकडं, पण मूळचा महाराष्ट्रातला, नाशिकच्या पलीकडं खानदेश आहे, तिथला. नाशिक म्हटल्यावर त्यांनी पान एका गालात सारलं. "पंचवटी तुमच्याकडंच ना?" हो म्हटलं. मला वाटलं आता कौतुक होणार. "म्हणजे आमची पोर तुमच्याच गावातून उचलून नेली."

मी गप्प. काय बोलणार? पंचवटीत आपण सीतागुंफा दाखवतो, वाकून, बसून, सरपटत आत जातो, बाहेर येऊन उसाचा रस पितो. तिथं जे घडलं ते मुलीच्या माहेरच्यांच्या बाजूनं कधी ऐकलंच नव्हतं. आजीबाई हसत होत्या, पण पुरत्या हसत नव्हत्या. त्यांनी पुढं सांगितलं. एवढं थाटाचं लग्न लावतो आम्ही, पण या मुहूर्तावर मिथिलेत आपल्या मुलीचं लग्न करत नाहीत. तिच्या वाट्याला जे आलं ते आपल्या मुलीच्या वाट्याला नको. पश्चिमेकडं मुलगी द्यायलाही जुनी माणसं नाखूष असतात, कारण अयोध्या त्या बाजूला. केवढा हा रुसवा! जावयाला देव मानतात, त्याचे पाय धुतात, त्याची थट्टा करतात, आणि त्याच्या घराकडं पुन्हा सोयरीक करत नाहीत.

मी त्यांना रावेरीचं सांगितलं. यवतमाळ जिल्ह्यातलं, राळेगाव तालुक्यातलं गाव. तिथं सीतेचं देऊळ आहे, एकटीचं, शेजारी राम नाही. टाकल्यावर ती तिथं लव-कुशांना घेऊन राहिली, गावात पसाभर गहू मागायला गेली, लोकांनी नाही म्हटलं, म्हणून तिनं शाप दिला की इथं गहू पिकणार नाही, असं तिथले लोक सांगतात. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी त्या पडक्या देवळाचा जीर्णोद्धार केला. जात्यावर बसणाऱ्या आपल्या आयाबायांनीही ओव्यांमध्ये सीतेचा वनवास दळला, रामाचा राज्याभिषेक फारसा नाही. आजीबाईंनी सगळं ऐकून घेतलं. गव्हापाशी त्यांचा चेहरा आक्रसला. मग टोपलीतला एक झेंडू काढून माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाल्या, "पसाभर गहूसुद्धा नाही?"

आपले लोक नेपाळला जातात ते पशुपतिनाथ, पोखरा, जमलं तर मुक्तिनाथ करून परततात. जनकपूर कुठल्याच यात्रा कंपनीच्या पत्रकात मला तरी ठळक दिसलं नाही. ते असायला हवं. मार्गशीर्ष शुद्ध पंचमी धरून जा. यवतमाळकरांनी जाताना थोडा गहू न्यावा. आणि नाशिककरांनी तर जायलाच हवं. लेकीची चौकशी करायला तिथं कुणीतरी घाटावर बसलेलं आहे, उत्तर द्यायला आपल्यातलंच कुणी गेलं पाहिजे.